बदकाच्या पोटाखालचं आभाळ

प्रिय रोरी,

हे पत्र तुझ्या हातात मर्व्ह देईल. होय, तोच आपला शेजारचा मर्व्ह. आता पार टकला झालाय, पण आवाजावरून ओळखशील. त्याच्या लेकीचं तिकडे तुझ्या ग्लॅडस्टनला बाळंतपण आहे, म्हणून नवराबायको परवा शनिवारी निघताहेत. तुझा जुना नंबर लागत नाही, पत्ता इथे कोणालाच ठाऊक नाही. तू तिथल्या बंदरात टगबोटीवर असतोस, एवढ्या माहितीवर मी त्याला शोधायला लावते आहे. त्याला बजावलंय की पाकीट हातात कोंबून पळ काढायचा नाही, तू शेवटची ओळ वाचेस्तोवर समोर बसून राहायचं. तो बसेल. फक्त त्याच्यापाशी माशांचा विषय काढू नकोस, नाहीतर तो बोलतच सुटेल आणि पत्र तसंच राहील. आणि अक्षर ओळखून न वाचताच फाडू नकोस, एवढं माझं ऐक.

वाईट बातमी आधी सांगते. बाबा फार दिवसांचे सोबती नाहीत. छाती गेल्या हिवाळ्यापासूनच कामातून गेली होती, आता नाकात ऑक्सिजनची नळी चोवीस तास असते. पुढच्या खोलीत खिडकीला लागून पलंग टाकलाय, तिथून त्यांना लगूनचं पाणी दिसतं. स्वीडच्या कंदांची दोन पोती दोन काखांत मारून चालणारा माणूस, त्याला आता चहाचा कप जड होतो. मला बघवत नाही, पण बघते. नोएलीन म्हणून एक नर्स रोज सकाळी येते. परवा तिने मला बाहेर लाकडांच्या ढिगापाशी बोलावून सांगितलं, की शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस ते पाहतील असं तिला वाटत नाही. मेचा पहिला शनिवार, म्हणजे आजपासून सोळा दिवस. डोकं मात्र टक्क जागं आहे. वारा कुठून येतोय ते अजून मला सांगतात, आणि लाकडं ओली आणलीस म्हणून ओरडतातही, दम लागेपर्यंत. रोरी, तू यायला हवास. का यायला हवास ते सांगायलाच बसले आहे, पण ते एका दमात लिहिता येत नाही. याआधीची चार पानं चुलीत गेली आहेत.

नोएलीन मूळची ऑकलंडची. गेल्या आठवड्यात बाबांचं अंग पुसता पुसता तिने खिडकीबाहेर आपल्या मायमायकडे बोट दाखवलं. पाण्यातल्या खांबांवर उभं ते पत्र्याचं आणि फांद्यांचं शिकारीचं लपण तिला कोंबड्यांच्या खुराड्यासारखं वाटतं म्हणे. तिने अगदी सरळ मनाने विचारलं, एवढ्या थंडीत पहाटे उठून त्या खोक्यात जाऊन बसायचं, चिखलात लडबडायचं, आणि कशासाठी, तर चार बदकांसाठी? मारण्यात एवढं काय मिळतं तुम्हा लोकांना? बाबांनी नुसते डोळे मिटून घेतले. मी सवय असते वगैरे काहीतरी पुटपुटले आणि स्वयंपाकघरात आले. पण तेव्हापासून तिला खरं उत्तर काय द्यायचं तेच मनात घोळतंय. तिच्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी. कारण मी तुझं जे केलं ते त्या उत्तरावाचून कळणारच नाही.

मारणं त्यात कितीसं असतं रे? फेब्रुवारीपासून आपण लव्हाळं कापून आणायचो, मानुकाच्या झुडपांच्या फांद्या बांधायचो, जेवणाच्या टेबलावर लाकडी फसव्या बदकांना रंग द्यायचो आणि आई ओरडायची की ताटं कुठे ठेवू. रबरी बूट बाहेर काढले की कुत्रं दाराशी जाऊन रडायला लागायचं. मग ती पहाट. एका फळीवर तिघं, गुडघ्याला गुडघा लागलेला, बोलायचं नाही. घरात कधी जेवलीस का म्हणून न विचारणारे बाबा तिथे अंधारात स्वतःचा मफलर काढून माझ्या गुडघ्यांवर टाकायचे, तोंडाने एक शब्द न बोलता. मग पूर्वेला जरासं फटफटायचं आणि डोक्यावरून पंखांचा तो आवाज जायचा, कोणीतरी नवं कापड टरकावल्यासारखा. आभाळात अर्ध्या मैलावरून पाखरं चाललेली असतात, त्यांना आपल्याशी काही देणंघेणं नसतं. आपण शिट्टीत फुंकर घालतो आणि त्यातलं एखादं मान वळवतं. मग सगळा थवा वळतो, पंख आखडून आणि पाय खाली सोडून येतो, आणि वाटतं की या चिखलाने, या वाऱ्याने आपल्याला आपलं म्हटलं. मला दुसऱ्या कोणी तसं म्हटलेलं नाही. पुढे बार होतो, पाखरू पडतं, त्याची ऊन छाती हातात आली की ते लगेच खाली ठेववत नाही. दरवेळी ठेववत नाही. तरी पुढच्या शनिवारची वाट पाहतोच. नोएलीन म्हणेल, मग नुसतं बघून या की. नुसतं बघून भागत नाही. का नाही ते मला सत्तावन्नाव्या वर्षीही सांगता येत नाही.

आणि मला ते किती उशिरा मिळालं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? तू बाराव्या वर्षी त्या फळीवर बसलास. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि काठावर चीज रोलचा डबा घेऊन उभी होते. मायमायमध्ये बाई बसली की बदकं लगून सोडतात, असं बाबा ठासून सांगायचे आणि जॉकआजोबा मान डोलवायचे. बावीस वर्षं मी तो डबा नेला. मध्ये माझं लग्न झालं, मोडलंही, पण डबा चुकला नाही. तुम्ही मारून आणायचात आणि मी शेडमध्ये पिसं उपटायची. पिसांवरून मला कळायचं की पाखरू कुठल्या बाजूने आलं असेल, कोणाच्या बाराने पडलं असेल. नव्वदीत जॉकआजोबांचे गुडघे गेले तेव्हा तिसरी जागा रिकामी झाली, आणि बाबा मर्व्हला विचारायला निघाले होते. तू जेवता जेवता मान वर न करता म्हणालास, "ताई बसणार नसेल तर मीही बसत नाही. मग तुम्ही आणि आपला मॉस कुत्रा बसा दोघं." बाबा दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मापाचे बूट आणून दारात टाकले.

मॉस गेला त्या सकाळबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. आज मी बोलते. ओपनिंगचा दिवस, मोसमाची पहिली सकाळ, आणि धुकं इतकं की फसवी बदकंसुद्धा चार हातांवर पुसल्यासारखी दिसत होती. तुझी तीन झाली होती, बाबांची चार, आणि माझं एकही नाही. बाबा थट्टेत म्हणाले होते की इसीने आज चीज रोल मात्र छान केलेत. तू हसलास, मीही हसले, पण मला ते लागलं. सात मोसम झाले तरी मी त्यांच्या लेखी डबेवालीच होते. मॉस तुझ्या पायाशी उतरत्या फळीवर बसला होता, आणि त्याची सवय तुला माहीत आहे, पाण्यात काही वाजलं की तो न सांगता उडी टाकायचा. बाबांनी आपल्याला पहिल्या दिवसापासून एकच नियम शिकवला होता. बदकाच्या पोटाखाली आभाळ दिसलं तरच चाप ओढायचा. पाणी दिसलं, लव्हाळं दिसलं, तर हात खाली. बाबा थर्मास काढायला वाकले, आणि नेमकं तेव्हा एक बदक अगदी पाण्यालगत, पांढऱ्या धुक्यातून आलं.

एकच बार झाला. बदक तसंच निघून गेलं. मग मॉसचा तो आवाज आला. बाबा टोपी न घालता पाण्यात उतरले, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, आणि आपण दोघं वर उभे होतो. माझ्या बंदुकीची नळी ऊन होती. तू माझ्या हातातून ती घेतलीस, उघडलीस, रिकामं काडतूस काढून स्वतःच्या खिशात टाकलंस आणि बंदूक मला परत दिलीस. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. बाबा मॉसला हातांवर घेऊन आले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, ओठ निळे पडलेले. त्यांनी विचारलं, "कोणाचा बार?" मी तोंड उघडलं होतं, रोरी. देवाशपथ उघडलं होतं. तू म्हणालास, "माझा, बाबा."

आणि मी तोंड मिटलं. एवढंच मी केलं आणि तेवढंच पुरलं. मला तेव्हाच लख्ख दिसलं होतं की मी खरं बोलले तर त्या फळीवर पुन्हा कधी बसणार नाही. एका लोभाच्या क्षणात मी तुझ्या शब्दाआड लपले, आणि मग क्षणाचा तास झाला, तासाचे दिवस झाले. बाबांनी मॉसला काठावरच्या हराकेकेच्या उंच पात्यांच्या बेटात पुरलं. घरी आल्यावर ते तुझ्यावर ओरडले असते तर मी बोलले असते, असं मी स्वतःला नऊ वर्षं सांगत आले आहे. ते ओरडले नाहीत. म्हणाले, ज्याला आभाळ दिसत नाही त्याने माझ्या शेजारी बसू नये. दुसऱ्या दिवशी मायमायच्या दारावरचं तुझं नाव त्यांनी रंधा मारून काढलं. तीन आठवड्यांनी तू निघालास. इन्व्हरकारगिलच्या विमानतळावर मी रडत होते, आणि तूच माझी समजूत घालत होतास, "मला नोकरी कुठेही मिळेल गं. तुला दुसरं मायमाय मिळणार नाही. जागा टिकव तुझी." मी टिकवली. नऊ ओपनिंग मी बाबांच्या उजव्या हाताला, तुझ्या जागेवर बसले. आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी मला आनंद झाला, नाकारत नाही, झाला. पहिलं बदक वळलं की मी तुला विसरायचे. हे उत्तर मी नोएलीनला कसं देऊ?

आणखी एक. रोरीने संबंध तोडले, फोनसुद्धा करत नाही, असं मी इथे सगळ्यांना सांगत आले. तू तीन नाताळ फोन केलास. मी समोर बसून वाजू दिला. बाबा बाहेर असायचे, मी एकटी असायचे, आणि मला तुझा आवाज सोसवला नसता. चौथ्या नाताळला तो वाजला नाही आणि मला बरं वाटलं. अशी आहे तुझी ताई.

गेल्या बुधवारी मी बाबांना सांगितलं. नोएलीन गेल्यावर त्यांच्या पलंगाशी बसले आणि सगळं सांगितलं, बदक कुठून आलं, तू काडतूस कसं काढलंस, सगळं. ते ऐकत होते. मग त्यांनी माझा हात धरला आणि थोपटला. म्हणाले, "इसी, तू त्याला लहानपणापासून पाठीशी घालत आलीस. आता मरणाऱ्या माणसाशी तरी खोटं बोलू नकोस." मी शपथा घातल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, आपल्या हाताने वाढवलेल्या कुत्र्याच्या जिवाचा आळ कोणी स्वतःवर उगाच घेतं का? त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. मग खोकल्याची उबळ आली, आणि ती ओसरल्यावर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, की त्याने स्वतः यायचं सोडून बहिणीला पुढे केलं. म्हणजे मी तुला आणखी एका गोष्टीत खाली ओढलं.

मग रविवार आला, खुंट्या मारायचा रविवार. मला वाटलं, शब्द खोटा ठरतो, पण मायमाय सोडलं तर तो खोटेपणा कोण म्हणेल? गेल्या मोसमाच्या परवानेदाराचा जागेवरचा हक्क सकाळी दहा वाजेपर्यंत, त्यानंतर जो पहिली खुंटी मारेल त्याची जागा. आपल्या घराने तो रविवार एकावन्न वर्षांत चुकवलेला नाही. आई गेली त्या वर्षीसुद्धा बाबा अंत्यविधीच्या कपड्यांत खुंटी मारून आले होते. मी काठावर बसले, नावाची आणि परवान्याच्या आकड्याची खुंटी मांडीवर घेऊन. थोडं लांब हेमी त्याची खुंटी घेऊन उभा होता, नेहमीसारखाच, आशा नाही तरी उभा. दहाला पाच कमी असताना तो ओरडला, "इसोबेल, घड्याळ बंद पडलंय का तुझं?" मी म्हटलं, चालू आहे. दहा वाजले तरी बिचारा हलला नाही. सव्वादहापर्यंत थांबला, मग जवळ येऊन विचारलं की खात्री आहे का, आणि मी मान हलवल्यावर त्याने इतक्या हळूच खुंटी ठोकली जशी काही ती माझ्याच अंगात जाणार होती. तू कधीही येऊन बस म्हणाला. मी नको म्हटलं. घरी येऊन बाबांना सांगितलं की मायमाय सोडलं, आता तरी विश्वास ठेवा, खोट्यासाठी कोणी ते सोडतं का? ते खिडकीबाहेर मायमायकडे बघू लागले. मग रडले. आई गेली तेव्हा न रडलेला माणूस. म्हणाले, "त्या पोरासाठी तू मायमाय सोडलंस. अशी बहीण दिली देवाने त्याला, आणि त्याला तिची किंमत नाही." आता रोज ते मला जवळ बसवून घेतात, माझा हात सोडत नाहीत, येईल जाईल त्याला माझे गुण सांगतात. नोएलीनही मला गुणाची पोरगी म्हणायला लागली आहे. मी वेडी होईन, रोरी. मी हातपाय आपटून सांगितलं तरी ते हसतात आणि पाणी दे म्हणतात.

म्हणून हे पत्र. क्षमा मागायला लिहिलेलं नाही, ती मागायला मला तोंड नाही, आणि तू देशील याची मला भीतीच वाटते. मला तुझी साक्ष हवी आहे. बाबा माझ्या तोंडचं खरं मानत नाहीत, ज्याने गुन्हा कबूल केला त्याच्याच तोंडचं मानतील. तू म्हणशील की जाऊ दे म्हाताऱ्याला शांतपणे, आता कशाला. पण ते शांत नाहीत. झोपेतही तुझं नाव घेऊन रागावतात, ते मी बाजूच्या खोलीतून ऐकते. ते एका मुलाला मनातून काढून टाकून चालले आहेत, तो मुलगा निर्दोष आहे, आणि दिवस सोळासुद्धा नाहीत. तुझ्याकडे मी आयुष्यात कधी काही मागितलं नाही, मागायच्या आधीच तू देत गेलास, जागाही आणि शब्दही. तो शब्द आता परत घे. मिळेल त्या विमानाने ये, मी घरात नको असेन तर मर्व्हच्या घरी जाऊन राहीन. त्यांच्या पलंगाशी बस, त्यांच्या डोळ्यांत बघ, आणि एकदाच, मला अजिबात न वाचवता, त्यांच्यासमोर माझं नाव घे.

तुझीच,
इसोबेलताई